जवान कणखर आहे, म्हणून सरकार मोकळं?

माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याचा विषय काढला की आपल्याकडे ठरलेली चार उत्तरं मिळतात. आपला जवान मातीतला, कणखर. त्याला अमेरिकन सैनिकांसारखं पीटीएसडी वगैरे होत नाही. झालंच तर सावरायला पलटण असते, देवधर्म असतो, भरलं घर असतं. ज्यांना काही होतं ते घरच्या कटकटींमुळे, त्यात नोकरीचा काय संबंध? आणि जे फारच बोलतात त्यांचा डोळा अपंगत्वाच्या पेन्शनवर असतो. ही उत्तरं मेळाव्यांतल्या भाषणांत मिळतात, टीव्हीवरच्या चर्चांत मिळतात, जरा सरकारी भाषेत संसदेतही मिळतात. देणाऱ्यांत निवृत्त अधिकारी असतात, गावचे पुढारी असतात, उभी हयात फौजेत काढलेले सुभेदारही असतात. त्यामुळे ती हसण्यावारी नेता येत नाहीत, एकेक करून तपासावी लागतात. माझं म्हणणं असं की या चारांपैकी एक उत्तर अर्धं खरं आहे, आणि ते जेवढं खरं आहे तेवढ्यानंच बाकीची तीन कोसळतात.

पहिलं उत्तर खुद्द लष्करालाच मान्य नाही. जवानाची वैद्यकीय श्रेणी ठरवायला फौजेत ‘शेप’ नावाची पद्धत आहे. पाच इंग्रजी अक्षरं, प्रत्येकाच्या वाट्याला माणसाची एकेक बाजू: श्रवण, हातपाय, एकंदर प्रकृती, दृष्टी. यातलं पहिलंच अक्षर मनासाठी राखलेलं आहे. ‘शेप वन’ म्हणजे पूर्ण तंदुरुस्त जवान, आणि त्या तंदुरुस्तीत मन धरलेलं आहे. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात मनोविकारशास्त्राचा विभाग आहे. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आणि कमांड हॉस्पिटलांत मनोविकारांवर उपचार होतात. जे होतच नाही, त्यासाठी कुठलीही सेना डॉक्टर, खाटा आणि फॉर्मांवरचे रकाने राखून ठेवत नाही.

आता आकडे. जुलै २०२२ मध्ये संरक्षण राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. भूदलात ६४२, हवाई दलात १४८, नौदलात २९. यावर तयार प्रतिवाद असा असतो की भूदलाचं हे प्रमाण लाखामागे दहा-अकराच्या घरात येतं, आणि देशाची सरासरी २०२१ साली लाखामागे १२ होती. मग ओरड कशाची? हिशेब बरोबर आहे, तुलना चुकली आहे. देशाच्या सरासरीत कर्जबाजारी शेतकरी आहे, बेरोजगार आहे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला रोगी आहे. फौजेत माणूस घेतला जातो तो छाती मोजून, पळवून, डोळे-कान तपासून. त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, दोन वेळचं पोटभर जेवण मिळतं, दुखलं-खुपलं तर दारात डॉक्टर असतो, आणि चोवीस तास कुणाची तरी नजर असते. अशा निवडून घेतलेल्या धडधाकट तरुणांत हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळपासही जायला नको. ते गेलं आहे, हीच चिंतेची बाब आहे.

शिवाय या विषयावर कुणी काही मोजलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. दिल्लीची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही संरक्षण विषयाचा अभ्यास करणारी जुनी संस्था. तिथं एका कर्नल दर्जाच्या अधिकाऱ्यानं केलेला अभ्यास २०२१ च्या सुरुवातीला चर्चेत आला. भूदलातले निम्म्याहून अधिक जण तीव्र ताणाखाली दिसतात आणि शत्रूच्या गोळीपेक्षा आत्महत्या, आपसातला गोळीबार अशा कारणांनी दरवर्षी जास्त माणसं जातात, असा त्याचा सूर होता. लष्करातून उत्तर आलं की पाहणी जेमतेम चारशे जणांची, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. अभ्यासही संस्थेच्या संकेतस्थळावरून दिसेनासा झाला. नमुना लहान होता, हा आक्षेप रास्त मानू. मग चार हजारांची पाहणी करायची होती, तिचे आकडे लोकांपुढे ठेवायचे होते. मोजमाप अपुरं म्हणून काढून टाकायचं आणि मग आकडेच नाहीत म्हणून प्रश्नच नाही म्हणायचं, हा युक्तिवाद गल्लीतल्या भांडणातही टिकणार नाही.

‘पण आपल्याकडे युद्ध तरी कुठं झालं?’ असंही विचारतात. कारगिल १९९९ चं, ते दोन-अडीच महिन्यांत संपलं. हा प्रश्न विचारणाऱ्यांना जवानाची नोकरी कशी असते हे ठाऊक नसावं. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या अकराशेहून अधिक सैनिकांनी प्राण गमावले. त्या मोहिमेतून परतलेले आज साठीच्या आसपास आहेत. सियाचीनवर १९८४ पासून माणसं बसलेली आहेत. राष्ट्रीय रायफल्सची उभारणी १९९० मधली. तेव्हापासून पायदळाच्या जवानाच्या नोकरीत काश्मीरमधली एक-दोन वर्षांची ड्यूटी येतेच, कुणाच्या वाट्याला दोनदा येते. तिथं आघाडी नसते. रस्त्यावरून चालणारा शाळकरी मुलगा आणि फेरन घातलेला हल्लेखोर यांच्यातला फरक दोन सेकंदांत ओळखायचा असतो. महिनोन्‌महिने हे केलेल्या माणसाला युद्ध झालंच नाही असं सांगायचं, तर मग त्याच्या छातीवरची पदकं कशाची आहेत तेही सांगा.

पीटीएसडी या नावाचीही भीती बाळगायचं कारण नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत ते १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यानं. आपल्या जवानाचं दुखणं त्या व्याख्येत नेमकं बसेलच असं नाही. तो ‘मला वाईट स्वप्नं पडतात’ म्हणणार नाही. छातीत धडधडतं, ॲसिडिटी होते, डोकं धरतं, असं सांगेल. गावात म्हणतील, ‘फौजी डोकं आहे, जरा तापट.’ संध्याकाळी बाटली उघडली जाईल, आणि ती रोज उघडली जाईल. घरातली वडीलधारी माणसं देवऋष्याकडं अंगारा घेऊन येतील. नाव काहीही द्या. झोप गेली आहे, राग आवरत नाही आणि घरातलं पोर बापाची मोटारसायकल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसतं, एवढं पुरेसं आहे.

आणि हे सगळं घडतं डिस्चार्जनंतर, जिथं सरकारची मोजणीच संपते. संसदेत दिले जाणारे आकडे सेवेतल्यांचे असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्या करणाऱ्यांचे व्यवसायवार तक्ते असतात. त्यात शेतकरी आहेत, विद्यार्थी आहेत, गृहिणी आहेत, ‘निवृत्त व्यक्ती’ असाही एक रकाना आहे. माजी सैनिक असा वेगळा रकाना नाही. बँकेतून साठाव्या वर्षी बाहेर पडलेला कारकून आणि अडतिसाव्या वर्षी पलटणीतून बाहेर पडलेला नाईक एकाच ओळीत जमा होतात. साताऱ्याजवळच्या ज्या आपशिंग्याच्या नावापुढं ‘मिलिटरी’ लागतं, त्या एका गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. तो आकडा शंभर वर्षांनंतरही गावातला कुणीही सांगतो. गेलेल्यांचा हिशेब आपण इतका चोख ठेवतो. परत आलेल्यांचं पुढं काय झालं याची वही कुठल्याच कार्यालयात नाही.

दुसरं उत्तर पलटण, धर्म आणि घर यांचं. हेच ते अर्धं खरं उत्तर, आणि त्याला मान द्यायला हवा. पलटण माणसाला खरोखर सांभाळते. पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत दिवस बांधलेला असतो. लंगरात जेवताना शेजारी कोण बसणार हे ठरलेलं असतं. जोडीचा बडी असतो. तो दोन दिवस गप्प राहिला तर तिसऱ्या दिवशी उस्तादाच्या कानावर जातं. महिन्याला सैनिक संमेलन होतं, तिथं गाऱ्हाणं मांडता येतं. मंदिर परेड असते, पलटणीचे पंडितजी असतात, आणि ते आरतीपुरते नसतात. कुणाच्या घरून पत्र आलं, कुणाची बायको रुसली हे त्यांना कमांडिंग ऑफिसरच्या आधी कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीत गावाकडचीच भाषा कानावर असते. कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे. जवान उभा राहतो तो स्वभावानं दगड असतो म्हणून, हे खरं नाही. त्याच्याभोवती इतकी माणसं उभी असतात म्हणून तो उभा राहतो.

आणि नेमकी हीच व्यवस्था एका दिवसात काढून घेतली जाते. ज्यांनी पलटणीची महती सांगितली त्यांनी पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा होता: पलटण सुटल्यावर काय? शिपाई-नाईक-हवालदार पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी येतात. डिस्चार्ज बुक हातात पडतं, नाव आणि नंबर रंगवलेली काळी पेटी गाडीत चढते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला जाग आल्यावर फॉल इन व्हायला मैदान नसतं. पेन्शनमध्ये मुलांचं शिक्षण भागत नाही म्हणून बरेच जण पुण्या-मुंबईत सिक्युरिटीला लागतात. ‘मेस्को’ या राज्याच्या माजी सैनिक महामंडळामार्फत लागले तर बरं, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बारा तास. तिथं विशीतली पोरं गाडीची काच खाली करून ‘ए वॉचमन’ म्हणतात. ज्याच्या हाताखाली दहा माणसं आणि एक चौकी होती, त्याला हे गिळायचं असतं, रात्रपाळीत, एकट्यानं.

मग राहतं घर. भरल्या घराचं कौतुक करणाऱ्यांनी त्या घरात सतरा-अठरा वर्षं काय झालं तेही पाहावं. माण-खटावातल्या किंवा शिरोळच्या सैनिक टाकळीतल्या एखाद्या घरात त्या काळात बाईनं एकटीनं सगळं ओढलं. पाण्याची पाळी रात्री दोनला असली तरी ती गेली, सासऱ्याला दवाखान्यात तिनं नेलं, पोराच्या शाळेत तिनं सही केली. घराला तिची शिस्त लागली. नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा तेव्हा पाहुण्यासारखा लाडाचा असायचा. आता तो कायमचा आला, आणि आल्या आल्या चपला रांगेत का नाहीत यावरून आवाज चढला. दोघांचीही चूक नाही. दोन वेगवेगळ्या चौक्या चालवलेली दोन माणसं एका छपराखाली आली, आणि चार्ज कुणाकडं हे कुणीच ठरवून दिलं नाही. हे ठरवायला मदत लागते, आणि ती सासूबाई किंवा भावकी देऊ शकत नाही; बहुधा तीच भांडणाची एक बाजू असते.

माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना आहेच की, असं यावर म्हणतात. आहे. ईसीएचएस एप्रिल २००३ मध्ये सुरू झाली, देशभरात चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत, आणि हृदयाच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिनं हजारो घरं कर्जातून वाचवली. मनोविकारांचे उपचारही तिच्यातून मिळतात. पण त्यासाठी आधी कुणी तरी आजार ओळखून रेफरल लिहायला हवा. ते किती होतं ते सांगते. नात्यातल्या एका निवृत्त हवालदारांबरोबर मी अशा एका पॉलिक्लिनिकात बसले आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास? ते म्हणाले, बीपीच्या गोळ्या संपल्यात, साहेब. वहिनी मागून म्हणाल्या, ‘झोपत नाहीत हो. रात्री तीन-तीनदा उठून कडी बघतात, गोठ्यापर्यंत जाऊन येतात.’ ते लगेच म्हणाले, ‘जनावरं आहेत, बघायला नको?’ डॉक्टर हसले. ‘फौजी माणूस आहे, वहिनी. पहारा सुटत नाही.’ बीपीच्या गोळ्या लिहून झाल्या, पुढचा नंबर पुकारला गेला. डॉक्टर चांगले होते. बाहेर रांग होती आणि त्यांच्यापुढच्या कागदावर रक्तदाब, साखर, वजन यांचे रकाने होते. बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाल्या, ‘मी पण माझ्या झोपेचं विचारणार होते, राहिलंच.’ योजनेचं कार्ड त्यांच्याही नावाचं होतं.

तिसरं उत्तर: कारणं घरगुती असतात. संसदेतल्या सरकारी उत्तरांत कौटुंबिक प्रश्न, वैवाहिक कलह, आर्थिक विवंचना ही कारणं पुनःपुन्हा येतात. कारणं खरी असतील. पण ती घरगुती म्हणून नोकरीच्या खात्यातून वजा कशी होतात? बांधावरचा वाद प्रत्येक गावात असतो. बाकीचा शेतकरी तलाठ्याकडं जाऊन बसतो, तारखेला हजर राहतो. जवान तवांगला असतो, त्याला बायकोचा रडवेला फोन येतो आणि रजा पुढच्या महिन्यात असते. घरातलं भांडण सिव्हिलियनलाही असतं, पण तो संध्याकाळी घरी जाऊन ते मिटवू शकतो किंवा वाढवू तरी शकतो. नोकरीमुळं घराचे प्रश्न चिघळतात हे इंग्रजांनाही कळत होतं. म्हणून तर १९२५ मध्ये इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट आला. ड्यूटीवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्धचा खटला रेटला जाऊ नये, अशी त्यात तरतूद आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक मंडळं निघाली तीही याच जाणिवेतून. शंभर वर्षांपूर्वी परक्या सरकारला जी गोष्ट मान्य होती, ती आपलं सरकार ‘घरगुती कारण’ असा शिक्का मारून फायलीबाहेर काढतं.

चौथं उत्तर सर्वांत झोंबणारं: हे सगळं पेन्शनसाठी. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी, खोटं अपंगत्व दाखवून पैसे मिळवणाऱ्यांना जाहीर इशारा दिला होता. पुढं सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्व भरपाईचे नवे नियम आले, तेही गैरवापराच्याच चर्चेच्या पार्श्वभूमीवर. गैरवापर होत असेल तर तो थांबवलाच पाहिजे. पण संशयाची सुई कुणाकडं वळते ते पाहा. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात २०१५-१६ ते २०१९-२० या काळातल्या निवृत्तांची आकडेवारी आहे. अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त झालेल्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांत ३६ ते ४० टक्के होतं, जवानांत १५ ते १८ टक्के. त्यातही वादाचा मुख्य विषय रक्तदाब-मधुमेहासारखे जीवनशैलीचे आजार हा होता. म्हणजे शंका घ्यायची ती वरच्या मजल्यावर, आणि गप्प बसवायचं ते तळमजल्यावरच्या माणसाला.

मनोविकारांच्या बाबतीत तर लोभाचा आरोप हास्यास्पद आहे, कारण फौजेत असा आजार उघड करणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं. मनोविकारतज्ज्ञाकडं पाठवायचं तर कमांडिंग ऑफिसरचा अहवाल लागतो, आणि अहवाल म्हटला की तो लिहिणाऱ्या क्लार्कपासून लंगरपर्यंत सगळ्यांना कळतं. हत्यार काढून घेतलं जाऊ शकतं. ‘कॅटेगरी लागली’ की बढती आणि मुदतवाढ दोन्ही अडतात. एवढं सोसून जो आजारी म्हणून बाहेर पडतो त्याच्या कागदावर वैद्यकीय बोर्ड लिहितं: सेवेमुळं झालेला नाही, सेवेमुळं वाढलेलाही नाही, प्रकृतीतच होता. भरतीच्या वेळी हाच माणूस ठणठणीत म्हणून घेतला होता. २०१३ मध्ये धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच मुद्द्यावर बोट ठेवलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं गृहीत धरावं, उलट म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यावीत. पण स्किझोफ्रेनियाच्या खटल्यांत न्यायालयाची दिशा एक राहिली नाही. २०१३ मध्ये एका जवानाची फेरतपासणी करायला सांगितली गेली, २०१९ मध्ये दुसऱ्याला, असे आजार भरतीच्या तपासणीत कळत नाहीत म्हणून, रिकाम्या हातानं परत जावं लागलं. आजारी माणसानं, बहुधा त्याच्या वतीनं त्याच्या बायकोनं, ट्रायब्यूनलपासून दिल्लीपर्यंत लढायचं आणि समोर सरकारचे वकील. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट सांगितलं होतं की अपंग सैनिकांविरुद्धची अपिलं सरकारनं मागं घ्यावीत. या समितीत कारगिलमध्ये पाय गमावलेला अधिकारीही होता. गोव्याच्या या मंत्र्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या समितीचा अहवाल कुणी काढून वाचत नाही.

या सगळ्या वादातून बाहेर पडायची वाट सोपी आहे: उपचार आणि पेन्शन यांची गाठ सोडवा. आजार कशामुळं झाला याचा निवाडा बोर्ड आणि न्यायालयं सावकाश करोत. झोप न येणाऱ्या माणसाला आणि त्याच्या बायकोला आज कुणी तरी भेटायला हवं, त्यासाठी कारणाचा दाखला कशाला? पाय मोडला तर आधी प्लास्टर घालतात, जिना कुणाच्या मालकीचा होता ते मागाहून बघतात.

शेवटी राहतो खर्चाचा आणि माणसांचा आक्षेप. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून, आणि अमेरिकेची नक्कल कशाला? अमेरिकेकडून एकच गोष्ट घ्यावी. १९७९ मध्ये तिथं ‘व्हेट सेंटर’ सुरू झाली ती मुद्दाम हॉस्पिटलच्या आवाराबाहेर, वस्तीत. तिथं बोलणाऱ्यांत स्वतः युद्धावरून आलेले लोक होते, कुटुंबालाही दार उघडं होतं. बाकीचं आपल्याकडेच आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली, डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं. नैराश्यावर त्याचा उपयोग होतो हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढं अति दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी अशाच समुपदेशकांकडून अगदी थोड्या बैठकांचा कार्यक्रम घेतला गेला, त्याचेही चांगले निष्कर्ष तिथंच प्रसिद्ध झाले. कोकणी-मराठी बोलणाऱ्या, दारू पिणाऱ्या, डॉक्टरकडं जायला लाजणाऱ्या पुरुषांवर हे जमलं. साताऱ्यात, कोल्हापुरात न जमायला काय झालं?

सैन्यदलांसाठी ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातच २०२३ च्या अखेरीला सुरू झाला. चांगलं पाऊल आहे. पण फोन करायला आधी आपल्याला काही होतंय हे मान्य करावं लागतं, आणि तिथंच तर घोडं अडतं. म्हणून माणूस जिथं आपसूक येतो तिथं मदत बसवायला हवी. माजी सैनिक न चुकता कुठं येतो? कॅन्टीनला. कार्डावर त्याला दर महिन्याला दारूचा ठरलेला कोटा मिळतो, सवलतीच्या दरात, रीतसर नोंद होऊन. कुणी महिन्याला किती उचलली हे यंत्रणेला बाटलीगणिक ठाऊक असतं. ज्या आवारात ही नोंद होते त्याच आवारात एक खोली, एक टेबल आणि कोट्याची चौकशी करता करता झोपेची चौकशी करणारा एक निवृत्त नायब सुभेदार बसवायला अंदाजपत्रक कोसळणार नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. डिस्चार्जच्या वेळी जसं शरीर तपासतात तसं जवान आणि त्याची पत्नी या दोघांशीही बोलणं व्हावं, आणि सहा महिन्यांनी, वर्षानं सैनिक कल्याण कार्यालयातून पुन्हा विचारणा व्हावी. माणूस बिघडतो तो कौतुकाचे हार सुकल्यावर. प्रत्येक पॉलिक्लिनिकात प्रशिक्षित समुपदेशक असावेत, त्यांतला एक स्वतः फौजेतून आलेला आणि एक जवानाच्या घरातली बाई. तिथं बोललेलं पेन्शन बोर्डाकडं किंवा सिक्युरिटीच्या मालकाकडं जाणार नाही, असं लेखी अभय असावं. आणि जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या अकाली मृत्यूंची कारणांसह नोंद व्हावी. यातली एकही गोष्ट शस्त्रखरेदीइतकी महाग नाही.

घाई आहे ती अग्निवीरांमुळं. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. मूळ योजनेप्रमाणे त्यांतले किमान पंचाहत्तर टक्के घरी येणार, सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन, पेन्शनविना, माजी सैनिकाच्या दर्जाविना, ईसीएचएसच्या कार्डाविना. पलटण चार वर्षांत सुटली, लग्न बहुधा झालेलं नाही, म्हणजे सांभाळायला ती बाईही नाही. कणखर जवान, पलटण आणि भरलं घर यांवर उभा असलेला सगळा युक्तिवाद या पोरांपाशी येऊन संपतो. त्यांना पॉलिक्लिनिकाचं दार उघडायचं की नाही, हा निर्णय पहिली तुकडी गावी पोचायच्या आत घ्यायचा आहे. तो न घेता जे पुढारी सत्कार समारंभात जवानाच्या कणखरपणाचे गोडवे गातील, त्यांना सभेतच विचारावं: या कणखरपणाच्या देखभालीचा खर्च कुठल्या खात्यावर टाकलाय? कारण आज तो जवानाच्या बायकोच्या खात्यावर पडतो आहे, आणि तिला कुणी विचारलेलंही नाही.